पाठ न दाखवणारी गाडी

नव्वदीतल्या बाबांना एकदा हुतात्मा स्मारकाला जायचं होतं. त्यांच्या थोरल्या भावाचं नाव तिथल्या दगडावर आहे. मी फोनवर गोखिवऱ्याची एक गाडी ठरवली. गाडीवाल्याने आधी किलोमीटर विचारलेच नाहीत. "चढायला कोनाला त्रास हाय का?" एवढंच विचारलं आणि सकाळी फुलपाड्याला आमच्या दारात आला तो लाकडी पाट घेऊनच. बाबा चढेपर्यंत त्याने तो पाट पायाने दाबून धरला होता.

स्मारकाच्या पायऱ्या बाबांना चढवेनात. मग त्याने गाडी अशी लावली की बाबांच्या समोरच तो दगड येईल. उतरून त्याने पुढची काच पुसली आणि लांब झाडाखाली जाऊन उभा राहिला. बाबा हात जोडून बसून राहिले.

निघताना त्याने गाडी वळवली नाही, रिव्हर्समध्येच हळूहळू मागे नेऊ लागला. वळायला जागा भरपूर होती. मी जरा चिडूनच कारण विचारलं.

"देवळातून निघताना देवाला पाठ दाखवतो का आपन?" तो मागे बघत म्हणाला. "आन् त्यांचं बघून व्हायचंय अजून."

फाट्यावर येऊन तो थांबला. बाबांनी जोडलेले हात सोडले, तेव्हा कुठे त्याने गाडी वळवली.