उभ्याची सुपारी

माझे थोरले दीर विश्वासराव इथे कानडी मुलखात, आमच्या शिवाजीनगरात गाद्या भरायचे. आधी घोड्यांच्या जटक्यांच्या, म्हणजे टांग्यांच्या, मग जटके कमी झाले तशा मोटारींच्या आणि सोफ्यांच्या. दुसऱ्यांच्या बुडाखाली मऊ काय घालावं यात त्यांचा जन्म गेला, आणि स्वतः मात्र दुकानात उघड्या फळीवर मांडी घालून बसायचे. गादीवर बसणाऱ्याच्या हातून गादी भरली जात नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातले सगळे, त्यांची मुलगी अहल्यासुद्धा, त्यांना अण्णा म्हणायचे.

पण आमच्या लोकांत अण्णांचं नाव होतं ते गाद्यांसाठी नव्हे, बैठकीसाठी. इथल्या आमच्या जुन्या मराठा घराण्यांत लग्नाची बोलणी जमखान्यावर, जाड सतरंजीवर होतात. दोन्हीकडचा एकेक वडीलधारा समोरासमोर मांडी घालून बसतो, आणि सुपारी हातात पडेपर्यंत दोघांनीही उठायचं नाही. जो उठला त्याने सोयरीक मोडली, मग तो पाणी प्यायला उठलेला असो की साप बघून. अण्णा एकदा बसले की देवळातल्या नंदीसारखे हलायचे नाहीत. समोरच्याच्या पायाला मुंग्या येत आणि तो मुकाट्याने कबूल होई. त्यामुळे मुलगी कुणाचीही असो, बसायला बोलावणं अण्णांना.

मला या बैठकीचा मनापासून राग. पुरुष बाहेर मांडी घालून बसतात आणि आम्ही आत कॉफी गाळत उभ्या. आमच्या उभं राहण्याने कुणाची सोयरीक मोडलेली मी कधी ऐकली नाही.

तर असा हा बैठकीचा राजा, आणि त्याला मूळव्याध. लाकडी फळी, दोन्ही वेळा हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तहान लागली की पाण्याऐवजी कॉफी, दुसरं काय होणार होतं? कितीतरी वर्षं त्यांनी ते बायकोपासूनही लपवलं. १९६१च्या उन्हाळ्यात दुकानातच घेरी येऊन पडले, तेव्हा रक्त किती गेलंय ते कळलं, आणि मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं.

घरी पाऊल टाकताच त्यांनी हुकूम सोडला की बाहेर अपेंडिक्स म्हणून सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण अपेंडिक्सच्या माणसाला खाऊ घालण्याचा हक्क सगळ्या आळीला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं पपई, इसबगोल आणि मिळमिळीत भात. शेजारच्या गोदूबाई घेऊन आल्या मटणाचा झणझणीत सारू, ताकदीसाठी, आणि अण्णांनी दोन वाट्या संपवेपर्यंत समोर पदर खोचून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपलीकडच्या पत्र्याच्या दाराआडून अण्णांनी सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि देव संपल्यावर गोदूबाईंच्या माहेरच्यांना.

मग माझी पाळी. पाणी तापवायचं, पत्र्याच्या टबात ओतायचं, त्यात जांभळं औषध टाकायचं, आणि त्यात अण्णा बसायचे. चेहरा असा, की जणू जमखान्यावरच बसलेत. माझी जाऊ सकवारबाई दाराबाहेर उभी राहून विचारी, "बरं वाटतंय व्हय?" आतून उत्तर येई, "तू जा बघू."

टाके अजून ओले होते, तोच येलहंक्याहून निरोप आला. तिथले येसाजीराव आपल्या मुलासाठी, जयसिंगसाठी, अहल्येची बोलणी करायला येणार, आणि ती आषाढ लागायच्या आत. उशीर केला तर दुसरं स्थळ तयार होतं. जयसिंग रेल्वेत होता. अहल्येने त्याला एका लग्नात पाहिलं होतं, आणि आईने विचारल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "सरी." जी मुलगी लुगड्याच्या काठावरून तासभर वाद घालते तिने एका शब्दात होकार दिला, यावरून आम्ही काय ते ओळखलं.

"तुमी नका बसू," सकवारबाई म्हणाली. "धाकट्या भाऊजींना बसवा."

धाकटे भाऊजी म्हणजे आमचे हे. अण्णा म्हणाले, "त्यो? त्यो पोरगी देईल आणि वर घरबी देईल. गावाच्या पोरींसाठी बसलो, माझ्या पोरीसाठी नको?"

"मग खरं तरी सांगा त्यांना."

"येसाजीला सांगू, माझं हे झालंय म्हणून? सोयरिकीच्या दिवशी? स्वल्प वेळ बसायचं, झालं."

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. इथे जावई डॉक्टर नव्हता, पण त्याचा बाप येसाजीराव होता, आणि तो बोलायला लागला की थांबत नसे.

बोलणीच्या दिवशी मी जमखान्याखाली सावरीच्या कापसाची पातळ उशी सरकवून ठेवली होती. अण्णांनी ती पायाने बाजूला केली. पाहुण्यापेक्षा यजमान उंच बसत नाही म्हणे. मग ते बसले. बसताना त्यांचा चेहरा पाहून मी दाराआड डोळे मिटले.

मानपान ठरले, वाजंत्री ठरली. अडलं ते लग्न कुणाच्या दारी, येलहंक्याला की इथे, यावर. येसाजीरावांनी आपल्या आजोबांच्या लग्नापासून सुरुवात केली. अण्णांच्या कपाळावर घाम, आणि बघता बघता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. येसाजीराव बोलायचे थांबले.

"पाव्हणं, पोरीची एवढी माया?" ते म्हणाले. "सरी. लग्न तुमच्याच दारी."

तिथेच सुपारी फोडली असती तर काय बिघडलं असतं? पण अण्णांच्या आसवांनी येसाजीरावांना स्वतःच्या तिन्ही मुलींची लग्नं आठवली, आणि ते थोरलीपासून एकेक सांगायला लागले. दुसरीची वरात निघाली आणि अण्णा उठले.

येसाजीरावांनी शेजारी ठेवलेला रुमाल डोक्याला गुंडाळला आणि ते उठत म्हणाले, "समजलो. चला रे." त्यांच्याबरोबरचे लोक चपला शोधायला लागले. अण्णा भिंतीला धरून उभे होते. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाची सोयरीक मोडू दिली नाही, तो स्वतःच्या मुलीची मोडून उभा होता. मला त्यांची फार दया आली.

तेवढ्यात कॉफीचं ताट माझ्या हातात देऊन अहल्या बाहेर गेली. बोलणीत मुलीने यायचं नसतं, बोलायचं तर नसतंच.

"थांबा," ती म्हणाली. "अण्णांना राग नाही आला. त्येंचं मूळव्याधीचं आपरेशन झालंय. बसवत नाही त्येंना."

अण्णांनी मान खाली घातली. येसाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जमखान्याकडे, मग अहल्येकडे.

"रिवाज म्हणतो, उठेल त्यानं मोडली," ते म्हणाले. "पण सगळेच उभे असल्यावर उठलं कोण? आणा सुपारी. आणि ही गोष्ट या खोलीच्या भायेर जायची नाही."

त्या दिवशी सुपारी उभ्याने झाली. बैठकीतले पुरुष आमच्यासारखे उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले.

अण्णा मात्र अहल्येवर रुसले. लग्न होईपर्यंत, आणि त्यानंतरही, तिच्याशी काही बोलायचं असलं की माझ्यामार्फत. निरोपाच्या वेळी तिने पाय धरले तेव्हाही ते दुसरीकडे बघत होते. हा माझ्या दिरांचा हट्टीपणा, आणि तो मला कधी आवडला नाही.

खोलीतली गोष्ट खोलीतच राहिली, पण सुपारी उभ्याने घेतली हे सगळ्या लोकांना कळलं. अहल्येचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला. मग शकुन म्हणून एकाने, त्याचं पाहून दुसऱ्याने, सुपारीच्या वेळी उभं राहायला सुरुवात केली.

१९६९ साली माझ्या धाकट्या लेकीची सुपारी होती. अण्णा बसले होते, अहल्या येलहंक्याहून आली होती. सुपारीच्या वेळी सगळे उठले, तेव्हा पुण्याहून सरकारी कारखान्यात आलेले एक इंजिनिअर पाहुणे म्हणाले, "ही पद्धत आम्ही कुठे पाहिली नाही."

"शहाजीराजांच्या काळापासून चालत आलीये," आमचे भटजी भीमाचार्य ठणकावून म्हणाले. "विचारा अण्णांना."

इंजिनिअरांनी मान डोलावली. पुण्याकडे ती लोप पावली असावी, म्हणाले. आणि सगळे अण्णांकडे बघायला लागले.

अण्णा जराही हलले नाहीत. "माझ्या पणज्यानं सांगितलेलं हाय," ते म्हणाले. "पोरीच्या बापाला अशा वेळी बसवत नाही. मग पोरीची अब्रू राखायला सगळ्यांनी उठायचं." आणि मग आठ वर्षांनी पहिल्यांदा, भर बैठकीत, त्यांनी थेट लेकीला विचारलं, "काय अहल्या, असंच ना?"

"असंच, अण्णा," ती म्हणाली.

मग ती पुढे झाली आणि त्यांच्या जागेवर उशी ठेवली. अण्णा खाली बसले आणि या वेळी त्यांनी ती बाजूला केली नाही.