आक्कांचा नंबर

आत्या गेली हे मला घरच्यांच्या फोनआधी आबांच्या स्टेटसवरून कळलं. आबा म्हणजे तिचे धाकटे दीर. फोटोत हात जोडलेले आबा मोठे होते आणि आत्या मागे ढगांत, लहानशी. संध्याकाळपर्यंत कोल्हापुरात त्याचेच फ्लेक्स लागले.

चंदगडकडच्या त्यांच्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, म्हणून आबांनीच तिला उभं केलं होतं. सही तिची, खुर्चीत आबा. आसपासच्या गावांत हेच चालायचं. काही आठवडे तिने सोसलं, मग एका सकाळी लवकर जाऊन स्वतःच खुर्चीत बसली.

"वैनी, उठा की. मीटिंग हाय."

"व्हय, माझीच हाय. भावजी, तुमी चहाचं बघा जरा."

हे सांगताना तिचा चष्मा हसून हसून घसरायचा... आबा मात्र ते कधी विसरले नाहीत.

पुढे ती जिल्हा परिषदेत गेली, नंतर खासदार झाली. सुट्टीत मी दिल्लीला गेले, की तिला इंग्रजी कागद वाचून दाखवायचे. ती मध्येच थांबवायची, "ते ऱ्हाऊ दे. आमच्या घाटातल्या रस्त्याचं कुठं लिवलंय?"

दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर ती न्यूमोनियाने दवाखान्यात होती. आबा पक्षाच्या नेत्यांना सांगून आले, "वैनींना आता झेपत न्हाय." उमेदवारी त्यांनाच मिळाली. ते पडले, याचा आनंद मला आजही होतो. आत्याला सगळं टीव्हीवरून कळलं. "मला ताप आलता, मी मेले न्हवते," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिला कुणी उमेदवारी दिली नाही. पण तालुक्याला 'आक्कांचा नंबर' म्हणून पाठ असलेला तिचा मोबाइल नंबर वाजत राहिला, आणि प्रत्येक फोन ती स्वतः घ्यायची.

तेराव्याला आबा पहिल्यांदाच माझ्याशेजारी येऊन बसले. "तू इंग्लिश मीडियमची, पेपरात झकास लिवशील. जाताना वैनींनी सगळं माझ्या हातात दिलं, असं लिव. आनि ते सिम दे. जिल्हा परिषदेला उभा ऱ्हातोय, पोस्टरवर त्योच नंबर टाकतो."

मी नुसती मान डोलावली. माणसांसमोर मला तेवढंच जमतं. म्हणून इथे लिहिते आहे. आत्याने जाताना आबांच्या हातात काहीही दिलं नाही. शेवटच्या आजारपणात ते एकदाही आले नव्हते. फोन तिने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तू बोलत न्हाईस. ऐकून तरी घेशील लोकांचं."

आता तो माझ्या टेबलावर असतो. कुणाच्या वाडीत पाणी नाही, कुणाची पेन्शन अडकली आहे. मी ऐकते, मग योग्य माणसाला फोन लावते. आवाज कापतो, तरी लावते.

परवा नाव नसलेला नंबर आला. आत्याने अख्खा तालुका नावानिशी साठवला होता, फक्त आबांना सोडून. आवाज त्यांचाच होता.

"सिमचं काय केलंस?"

आत्या सगळ्यांना विचारायची तेच मी विचारलं, "नाव काय, गाव कुठलं, काम काय?"

तेवढ्यात चंदगडहून दुसरा फोन येऊ लागला. मी तो घेतला.