पाच चांदण्यांचा मालक

न्हावऱ्याच्या फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा एक गडी माझ्या रोजच्या बघण्यातला. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणीही मोबाइलवर मोटार दुरुस्ती शोधली, की पहिलं नाव त्याचंच येतं, तेही पाच चांदण्या मिरवत. गिऱ्हाईक दिसलं की तो पाना नव्हे, मोबाइल हातात घेतो. दर वाक्याला "म्हंजी कसं" म्हणतो. कसं, ते कधीच सांगत नाही.

उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटार जळाली, ती त्याच्याकडे टाकली. ऊस वाळायला लागला, तरी मोटार आणली तशीच पडून. मी गेलो, की तो आधी चहा सांगायचा.

"आबा, तेवढं पाच स्टार टाका. म्हंजी कसं."

"अरे, आधी मोटार उघड तरी!"

"उघडू की. पर आबा, लोकं नाव बघून येत्यात, काम बघून न्हाई."

मी चिडून एकच चांदणी दिली. तो चिडला नाही. माझी मोटार त्यानं शांतपणे उचलली आणि मागच्या भिंतीशी, न उघडलेल्या मोटारींच्या रांगेत नेऊन ठेवली. प्रत्येकीवर खडूनं मालकाचं नाव होतं. ही सगळी नावं माझ्या ओळखीची निघाली. मोबाइलवर त्याच्या कामाचं तोंड भरून कौतुक यांनीच तर केलं होतं.

मला माझा ऊस आठवला. मी मुकाट्यानं उरलेल्या चार चांदण्या भरल्या आणि खाली लिहिलं, "काम एकदम झटपट."