देवळामागचं टाकं

काल बेलापूरच्या घरात कपाट आवरताना डोंगरवाटांचं जुनं पुस्तक हाती आलं. पानांना अजून बामाचा वास होता.

शैलाताई माझ्या ऑफिसातली, वीस वर्षांनी मोठी. रविवारी आम्ही पनवेलमागच्या डोंगरांत पळायला जायचो. नकाशा तिच्याकडे, पुस्तक माझ्याकडे. अशाच एका रविवारी ऊन तापलं, पाणी संपलं आणि ताईच्या पोटरीत गोळा आला.

"सरळ खाली उतरू," नकाशावर बोट ठेवून ती म्हणाली. "गाव जवळ आहे."

पण तिथे उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे उभा कडा. ते वाचायला तिनेच शिकवलेलं. दुखण्यात तिला दिसलं नव्हतं. पुस्तकात मात्र वरच्या देवळामागे पाण्याचं टाकं होतं. नकाशात ते नव्हतं.

"ताई, वर जाऊ. पाणी आहे."

"नक्की ना गं?"

"नक्की."

माझ्या खांद्यावर हात टाकून ती लंगडत चढली. टाक्यातलं गार पाणी ती ओंजळीने घटाघटा प्याली. मग नेहमीच्या वाटेने आम्ही सावकाश उतरलो.

तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. दुखऱ्या पायाने, कोरड्या घशाने, एका पोरीच्या शब्दावर डोंगर चढायची वेळ आली तर मीही चढेन. तिला चढताना मी पाहिलंय.