बाळंतविड्यातला स्प्रे

बाळंतविड्याच्या गाठोड्यात पुरुषाने हात घालू नये, असं आमच्याकडे आहे. मी घातला. घरात हे आम्हा नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. आता लिहूनच टाकतो.

लेकीला बंगळूरला मुलगा झाला आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला निघालो. देऊळगाव राजाहून संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत जीपमध्ये माझे पाय एका जागी राहत नव्हते. बायको मांडीवर गाठोडं धरून बसलेली. आत बाळाची झबली, टोपडी, दुपटी, वाळे. सगळं तिच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं आणि गाठीला हळदीकुंकू. ती गाठ बाळासमोरच सुटायची. लेकीचं पहिलं पोटातच गेलं होतं, म्हणून त्या गाठीत हिने जीव अडकवला होता.

जावयाने फोनवर बजावलं होतं, "मामाजी, हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वरची बाटली नको. सेंट, डिओ असलं तर मोठ्या बॅगेत टाका, ती वेगळी जाते. काडेपेटी तर कुठंच नको."

मी "हो, हो" म्हणालो. पण मोठी बॅग भरत होती बायको. तिच्या देखत डिओचा डबा ठेवायचा कसा?

मी शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं करतो. फवारणीच्या औषधाचा वास अंगात मुरतो, किती का साबण घासा. निदान मला तरी तो येतो. मागे लेकीकडे जेवायला बसलो, तर विहीणबाईंनी उठून खिडकी उघडली. उकडत असेल त्यांना. पण ती खिडकी माझ्या डोक्यातून गेली नाही. त्या वासाने नातवाला मांडीवर घ्यायचं नव्हतं मला. म्हणून जालन्याहून मोठा डबा आणला. पन्नाशीतला माणूस काखेत फवारे मारतो, हे बायकोला कळतं तर गावभर झालं असतं. बाळंतविड्याला कोण हात लावतंय, असा विचार केला आणि ती आंघोळीला गेल्यावर, गाठ न सोडता, बाजूच्या फटीतून डबा आत सरकवला.

विमानतळावर मोठी बॅग गेली. काचेपलीकडे विमान दिसलं.

"अवं, हे एवढं मोठ्ठं? हे उडते?" बायको म्हणाली.

"नाही, ढकलत नेतात," मी म्हणालो. दोघंही पोरांसारखे हसलो.

मग गाठोडं पट्ट्यावरून यंत्रात गेलं, आणि बाहेर आल्याबरोबर बाजूला काढलं गेलं.

"माताजी, इसमें स्प्रे है," वर्दीतली मुलगी म्हणाली.

"स्प्रे? स्प्रे वावरात राहते, बाई. यात बाळाचे कपडे हायेत."

"खोलना पड़ेगा."

बायकोने दोन्ही हातांनी गाठोडं दाबून धरलं. "गाठ नको सोडू वं, पाया पडते तुह्या."

मी बुटाच्या लेसकडे बघत उभा. यंत्राची चूक म्हणून सोडून देतील, असं मला वाटत होतं. खरं तेच सांगतो. मुलीने गाठीत बोटं घातली, वरचा पदर सैल झाला, आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, मदतीसाठी. तेच जास्त लागलं.

"रुको मॅडम, मेरा है!" मी ओरडलोच. "गाठ खोले बिना निकालता."

फटीतून कोपरापर्यंत हात घातला आणि झबल्यांमधून डबा ओढून काढला. त्यावर ज्वाळेचं चित्र होतं. औषधाच्या डब्यावरचं असंच चित्र दाखवून मी मजुरांना बिडी विझवायला लावतो.

"बड़े बैग में डालते तो चल जाता, अंकल," ती मुलगी म्हणाली, आणि डबा तिथल्या टोपलीत गेला. गाठोडं पुन्हा यंत्रातून गेलं. बायकोने गाठ अशी आवळली की माझा गळाच असावा.

"काऊन ठेवला?" तिने विचारलं. मी वास सांगितला, खिडकी सांगितली. ती गाठोडं छातीशी धरून पुढे चालायला लागली.

विमान धावायला लागलं, पाठ खुर्चीला चिकटली, जमीन सुटली, आणि तिने माझं मनगट धरलं. "पाहा, पाहा! वावरं पाहा, गोधडीवानी!" मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "मले तर कधी आला नाही तुमचा वास. पण गाठोड्यात हात घातला, ते मी इसरणार नाही."

बंगळूरला लेक बाळाला घेऊन बसली. बायकोने गाठोडं समोर ठेवलं आणि मलाच पुढे ढकललं.

"अहो, पुरुषाने सोडायचं?" विहीणबाई म्हणाल्या.

"सोडू द्या," बायको म्हणाली, आणि माझ्या कानाशी, "हात तर आधीच जाऊन आला ना आत."

गाठ बोटांनी सुटेना. शेवटी मी ओणवा होऊन दात लावले. लेक इतकी हसली, इतकी हसली, की बाळ दचकून रडायला लागलं.