हँगरमधला वाकडा पाईप

आमच्या बाबांचा हार घातलेला फोटो आहे, त्यात ते एका पाईपावर हात ठेवून उभे आहेत. इतरांच्या घरी वडील कोटात असतात, नाहीतर आधार कार्डावरून मोठे केलेले आणि त्यामुळे कायमचे संशयित. आमचे युद्धनौकेवर आहेत आणि हसताहेत. फोटो मीच काढला, मीच निवडला, फ्रेमही मीच करून आणली. म्हणजे चूक संपूर्ण माझी. वाटून घ्यायला कोणी नाही.

बाबा गोदीत पाईप फिटर होते. लालबागच्या आमच्या चाळीतले बाकीचे बाप गिरण्या बंद पडल्यावर घरी बसले, तेव्हा आमचे बाबा डबा घेऊन युद्धनौका बांधायला जायचे. पण घरी येऊन काही सांगतील तर शपथ. ‘बाबा, तोफ केवढी असते?’ असं विचारलं की म्हणायचे, ‘असते.’ बोटीचं नावसुद्धा नाही. नुसतं ‘आमची बोट’.

त्यांची शेवटची बोट म्हणजे एक फ्रिगेट. तिच्या हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये आग विझवायच्या पाण्याचा पाईप त्यांनी बसवला होता. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण त्या पाईपावरून त्यांचं साहेबाशी भांडण झालं होतं, आणि ते भांडण सांगायला मात्र ते कधीही तयार असत. ड्रॉइंगमध्ये पाईप सरळ होता, प्रत्यक्षात मध्येच एक लोखंडी ब्रॅकेट येत होता. साहेब म्हणाला, थांबा, वर विचारतो. बाबा थांबले नाहीत. पाईपाला वाक देऊन ब्रॅकेटला वळसा घालून त्यांनी तो पुढे नेला. साहेब ओरडला. मग पाणी सोडलं, दाब दिला. थेंब गळला नाही. ‘मग गप बसलो मेलो सायब,’ असं म्हणून बाबा आईकडे बघायचे, आणि आई भाजी निवडता निवडता बरोबर त्याच जागी मान हलवायची.

बोट पुरी व्हायच्या आत ते निवृत्त झाले. तोफ नंतर चढली, क्षेपणास्त्रं नंतर आली, शेवटचा रंग दुसऱ्याच कोणी मारला. बाबांच्या डोळ्यांपुढे राहिली ती गंजाच्या रंगाची, वायरी लोंबणारी अर्धवट बोट. पुढे हृदयाचं दुखणं सुरू झालं, जिने बंद झाले. एक दिवस चहा पिताना म्हणाले, “एकदा ती पुरी झालेली बघायची होती रे.”

त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आणि थोड्याच दिवसांत पेपरात बातमी आली की नौदलाची फ्रिगेट लोकांना बघायला खुली आहे. बरोबर फोटो. व्हिडिओत पाहिलेली तीच आखूड चिमणी, तेच तिरपे काठ. मी लोअर परळला ऑफिसात बसून लोकांसाठी स्लाइड बनवतो. त्यामुळे कुठल्याही विषयातलं आपल्याला कळतं, असा माझा समज आहे. फ्रिगेटवरचे तर इतके व्हिडिओ पाहिले होते की विचारू नका. मी रजा टाकली, टॅक्सी केली आणि बाबांना घेऊन गेलो.

रांगेत तासभर मी बोलत होतो. आधी बाबांशी, मग पुढच्या कुटुंबाशी, मग बऱ्याच लोकांशी. हिच्या बाजू तिरप्या का, तर रडारचे किरण भलतीकडे परतावेत. एवढं मोठं धूड, पण शत्रूच्या पडद्यावर मच्छीमाराच्या होडीएवढं दिसतं. क्षेपणास्त्रं डेकच्या पोटात उभी, वर नुसती झाकणं. इंजिनं रबरावर बसवलेली, म्हणजे खालच्या पाणबुडीला आवाज जाऊ नये.

“आणि आपल्यावर क्षेपणास्त्र आलं तर?” पुढच्या बाईंनी विचारलं.

“हवेतच पाडते. नाहीतर चकवा सोडते, ते भलतीकडे जातं.”

“गप रव रे,” बाबा म्हणाले. “तो नेव्हीवालो ऐकता हा.” मग त्या बाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, “हे सगळं खरं आहे. पण बोटीला आग लागली की ह्यातलं काही चालत नाही. तेव्हा पाणी लागतं.”

अशा एका आराखड्यावरून दोन-तीन सारख्या बोटी बांधतात, त्यांना बहिणी म्हणतात, हेही मी रांगेला सांगितलं. सांगितलं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. बोटीच्या अंगावर माणसापेक्षा उंच आकड्यांत नंबर लिहिलेला असतो. तो माझ्यासारख्यांसाठीच लिहीत असावेत.

बोटीवर चढायच्या फळीवर बाबा दोनदा थांबले. वर पोचल्यावर तोफ नाही पाहिली, काही नाही. सरळ मागे हँगरमध्ये गेले, डाव्या भिंतीला, आणि मान वर करून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, दम लागला.

“हाच ना बाबा?”

त्यांनी पाईपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोबाइल धरून तयार होतो, घामाने भिजलेला.

“होच,” ते म्हणाले आणि त्यावर हात ठेवला. मी म्हटलं हसा, तर हसले.

परतताना टॅक्सीत म्हणाले, “ते चकव्याचं काय म्हणालास? सांग बघू.” परळ येईपर्यंत मी सांगत होतो आणि ते ऐकत होते. आयुष्यभरात त्यांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आज आपण काहीतरी केलं.

दोन महिन्यांनी ते गेले.

तेराव्याला त्यांचे गोदीतले जोडीदार आले. बाबा पाईप लावायचे, हे काका तो वेल्ड करायचे. एवढी वर्षं असंच. हात जोडून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि फोटो जवळून पाहिला.

“ही खंयची बोट?”

“तुमचीच, काका.”

“मग वाक खंय आसा?”

मी पाहिलं. पाईप पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. त्या वाकाची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती, पाईपापासून दोन हातांवर उभं राहून हा फोटो काढला होता, फ्रेमवाल्याकडे काच पुसून घेतली होती. एकदाही पाईपाकडे पाहिलं नव्हतं.

“माहीत आहे ते,” आई म्हणाली. ती खाली मान घालून पानं वाढत होती. “त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं ह्यांनी. म्हणाले, बोट दुसरीच, धाकटी बहीण. तिच्यात ब्रॅकेट सरकवलाय, पाईप सरळ नेलाय. पोराला सांगू नको म्हणाले. रजा टाकून आला होता.”

मी म्हणालो, “फोटो बदलूया का?”

“राहू दे,” आई म्हणाली. “हसलेत.”

पुढच्या वर्षी पुन्हा बोट खुली झाली. या वेळी मी नंबर तीनदा वाचला, काकांना फोनवरून वाचून दाखवला, आणि रांगेतल्या एका खलाशालाही विचारून त्याला वैताग आणला. बोट बाबांचीच होती. काका बरोबर आले, पण फळीचा चढ बघून धक्क्यावरच बसले. गुडघे. म्हणाले, “तू जा. डाव्या हाताला, व्हॉल्व्हच्या वर. माझो जोड पण बघ, वाकाच्या खाली आसा.”

मी वर गेलो. रांगेत कोणाला काही सांगितलं नाही. हँगरच्या तोंडाशी दोरी बांधली होती. आत हेलिकॉप्टर उभं होतं, पंख मिटलेलं, त्याच्या मागे नुसता अंधार.

“अंकल, अंदर नहीं,” पहाऱ्यावरचा खलाशी म्हणाला.

“पाईप देखना था. मेरे फादर ने लगाया है.”

“सॉरी अंकल,” तो म्हणाला. अगदी आदराने.

दोरीवरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकलो. व्हॉल्व्हचं लाल चाक दिसलं. त्याच्या वरचं दिसलं नाही. मागचे लोक पुढे सरकत होते.

खाली उतरलो तर काका काठीवर हनुवटी टेकून वाट बघत होते.

“गावलो?”

“हो,” मी म्हणालो. “हात लावून आलो.”

“आणि जोड?”

“एकदम साफ.”

“रंग कसलो आसा आता?”

मला एवढंच सुचलं. “लाल.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग काठी टेकून उठले.

“आम्ही करडो दिललो,” ते म्हणाले. “मारलो असतलो नवो.”