निशिगोरीसानची आरोळी

आमच्या आळीतले तोफूवाले निशिगोरीसान यांच्या तोंडून "दुखतंय" हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. एकदा सोयाचं उकळतं दूध हातावर सांडलं, तर "माफ करा हं, तुमचा खोळंबा झाला," म्हणत गिऱ्हाइकापुढेच वाकले! अशा माणसापुढे हात टेकावेत, दुसरं काय.

गेल्या वर्षी आळ्यांच्या रिलेत, जिथे दांडक्याऐवजी आळीचा पट्टा पुढच्याकडे द्यायचा असतो, त्यांचा गुडघा धरला. पठ्ठ्या थांबला नाही, बोलला नाही, लंगडत राहिला. पट्टा पोचवायची वेळ संपली. शेवटच्या टप्प्यावर मी वाट बघत होतो. संयोजकांनी पट्टा न पोचलेल्यांसाठीचा पांढरा पट्टा माझ्या गळ्यात घालून मला पिटाळलं. आळीचा जांभळा पट्टा निशिगोरीसानच्या खांद्यावरच राहिला. तेव्हापासून शरमेने ते माझ्या सलूनची पायरी चढेनात. केस मानेवर आले तरी! मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्यांच्या बायकोने, हारुएसानने, त्यांना फिजिओथेरपीच्या कुवाबाता सेन्सेईंकडे ओढून नेलं. मलाही बोलावलं, पळून जाऊ नयेत म्हणून.

"कुठं दुखतं?"

"छे, काही नाही. उगाच तुम्हाला त्रास."

"जिना उलटे उतरतात हे," हारुएसान म्हणाली.

सेन्सेईंनी त्यांना एका पायावर हळूहळू पायरी उतरायला लावली. गुडघा आत वळला.

"गुडघा बिचारा गरीब आहे हो. मांडी आणि कंबर आळशी, त्यांचंही ओझं तोच वाहतोय. रोज व्यायाम करा, पावलं छोटी टाका. आणि दुखलं की ओरडून सांगायचं, कळ जाईपर्यंत पळायचं नाही, चालायचं."

"ओरडायचं? लोकांना त्रास होईल!"

"मग गेल्या वर्षी गप्प राहून यांना काय सुख दिलंत?" सेन्सेईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

निशिगोरीसान लालबुंद झाले. दुसऱ्या दिवसापासून मांड्यांना रबरी पट्टा अडकवून गल्ल्यामागे खेकड्यासारखे आडवे चालत तोफू विकू लागले. पोरंटोरं नक्कल करायची.

यंदाच्या शर्यतीच्या दिवशी संयोजक पांढरा पट्टा घेऊन माझ्याशेजारी उभाच होता. इतक्यात वळणाआडून आरोळी आली.

"दुखतंय!"

मग टाळ्या. थोड्या वेळाने निशिगोरीसान वळणावर दिसले. छोट्या छोट्या पावलांनी, पण चक्क पळत!

"आता नाही दुखत!" ते लांबूनच ओरडले आणि जांभळा पट्टा माझ्या हातात कोंबला. "मुतोबेसान, पळा! संध्याकाळी केस कापायला येतो!"